भांडी घासणारा सेंटर फॉरवर्ड

पहिले दोन-चार दमदार पाऊस होऊन गेले की आमच्या पापडीत फुटबॉल बाहेर पडतो. शाळेचं मैदान असो, एखाद्या वाडीतली माडांमधली मोकळी जागा असो, की इमारत उठायची बाकी असलेला शेताचा तुकडा असो. चिखलात पाय रोवून पोरं खेळत असतात. मी छत्री टेकवून कडेला उभा राहतो. निवृत्त माणसाला एवढी चैन परवडते. इतक्या वर्षांत चांगले गोली पाहिले, चिवट बचाव करणारे पुष्कळ पाहिले. खरा सेंटर फॉरवर्ड मात्र क्वचितच दिसला. गोल कुठे आहे हे त्याला मान वर न करता कळावं लागतं, आणि ते काही शिकवून येत नाही.

असा एक मुलगा आमच्याकडे होता. नाव सांगत नाही. बी.कॉम. झाला, इथे नोकरी मिळेना, म्हणून आखातात गेला. तेव्हा मी बँकेत परदेशी ड्राफ्टच्या टेबलावर होतो. दर महिन्याला त्याची आई लुगड्याच्या ओच्यात ड्राफ्ट सांभाळत यायची आणि मुलगा मोठ्या हॉटेलात हिशेब लिहितो, असं अभिमानानं सांगायची. पुढे तो सुट्टीवर आला तेव्हा मला एकट्यालाच बाजूला घेऊन त्यानं खरं काय ते सांगितलं. पहिली दोन वर्षं तो तिथे बश्या विसळत होता. हिशेबाची वही नंतर हातात आली. ड्राफ्टवर रक्कम असते, तारीख असते, सही असते. पैसे कुठल्या मोरीत मिळवले ते लिहिलेलं नसतं.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी ज्यो गेटजेन्सची हकिकत माझ्या वाचनात आली आणि मला त्या माउलीची आठवण झाली. हाही हिशेबनीस व्हायला परदेशी गेलेला, हाही भांडी घासणारा, आणि हाही सेंटर फॉरवर्ड. फरक इतकाच, की यानं एका दुपारी साऱ्या जगाला चकित केलं.

फुटबॉलच्या इतिहासात त्याचं नाव एका गोलमुळे राहिलं आहे. २९ जून १९५० रोजी ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहरात विश्वचषकाच्या सामन्यात त्यानं अमेरिकेसाठी इंग्लंडवर गोल केला. जगाला फुटबॉल शिकवणारा इंग्लंड देश, आणि त्या खेळाकडे ढुंकूनही न पाहणारी अमेरिका. सामना १-० असा अमेरिकेनं जिंकला. गंमत अशी, की गोल करणारा अमेरिकन नव्हताच. तो हैतीचा होता.

हैती म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा पश्चिमेकडचा तुकडा. उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी फ्रेंच मालकांविरुद्ध बंड केलं आणि १८०४ साली स्वतःचं राष्ट्र उभं केलं. पराक्रम मोठा, पण त्या राष्ट्राच्या नशिबी पुढे दारिद्र्य आणि हुकूमशहा यांचंच राज्य आलं. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स. तिथे १९ मार्च १९२४ रोजी ज्यो जन्मला. घराणं मूळचं जर्मनीतल्या ब्रेमेनचं. व्यापारासाठी पूर्वज हैतीत आले आणि तिथलेच होऊन गेले. आडनाव तेवढं जर्मन उरलं, रक्त आणि भाषा हैतीची झाली. आपल्या वसईला असल्या गोष्टींचं आश्चर्य वाटायला नको. पोर्तुगीज इथून १७३९ साली गेले, पण त्यांनी दिलेली आडनावं अजून आमच्या दारांवरच्या पाट्यांवर आहेत.

घर खाऊनपिऊन सुखी, श्रीमंत नव्हे. मुलाच्या पायात चेंडू अडकला तो लहानपणीच. चौदाव्या वर्षी तो एत्वाल आइतिएन या क्लबात दाखल झाला. एत्वाल म्हणजे तारा. त्या काळी हैतीतल्या फुटबॉलमध्ये हे मोठं नाव होतं. ज्या वयात आपली मुलं आठवी-नववीच्या चाचणी परीक्षेला घाबरत असतात, त्या वयात हा थोरांबरोबर खेळू लागला. १९४२ आणि १९४४ अशा दोन वर्षी या क्लबनं देशाचं अजिंक्यपद मिळवलं आणि त्यात ज्यो होता.

पण अजिंक्यपदावर चूल पेटत नाही. हैतीत फुटबॉल खेळून पोट भरण्याची सोय नव्हती. हे दुखणं फक्त तिथलं होतं असंही नाही. आपल्या मुंबईत त्याच सुमारास कूपरेजच्या मैदानावर खेळणारी कितीतरी मुलं कुठल्या ना कुठल्या कंपनीत, रेल्वेत किंवा गिरणीत चिकटून होती, आणि खेळ म्हणजे हजेरीपटावर नाव राहण्याचा एक मार्ग होता. तेव्हा घरच्यांनी विचार केला असेल तो कुठल्याही मध्यमवर्गीय घरात होतो तोच, की मुलाच्या हाताला काहीतरी पक्कं काम हवं. हैती सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९४७ साली तेवीस वर्षांचा ज्यो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकायला गेला.

मी स्वतः तीस-एक वर्षं आकड्यांमध्ये काढली असल्यामुळे या विषयाबद्दल माझ्या मनात आदर आहे. तरी एक कबूल करतो. ज्याच्या पायात चेंडू आहे त्याला जमाखर्चाच्या दोन बाजू जुळवायला बसवणं म्हणजे घोड्याला घाण्याला जुंपणं. पण शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कमध्ये भागत नाही हे त्याला लवकरच कळलं आणि त्यानं एका हॉटेलात काम धरलं. रुडीज कॅफे असं त्याचं नाव. मालक स्पेनमधून आलेला, युजीन डियाझ नावाचा. काम भांडी घासण्याचं.

आता दैव म्हणा किंवा योगायोग म्हणा, या डियाझसाहेबांचा एक फुटबॉल संघही होता. ब्रुकहॅटन. हॉटेलात मोरीवर उभा असलेला मुलगा रविवारी मालकाच्या संघातून सेंटर फॉरवर्डला खेळू लागला.

अमेरिकेतल्या त्या वेळच्या फुटबॉलचं चित्र डोळ्यांपुढे आणल्याशिवाय ही गोष्ट नीट समजत नाही. खऱ्या अमेरिकन माणसाला बेसबॉल प्रिय. फुटबॉल हा बोटीतून उतरलेल्यांचा खेळ होता. स्कॉटिश, आयरिश, जर्मन, ज्यू, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, ज्यांनी त्यांनी आपापल्या वस्तीत संघ काढले होते. आठवडाभर गिरणीत, गोदीत, खाटकाच्या दुकानात राबायचं आणि सुट्टीच्या दिवशी खडबडीत मैदानावर एकमेकांच्या नडग्या फोडायच्या. बघायला येणारेही त्याच वस्तीतले. त्या गर्दीत आपली भाषा ऐकू येत असे, गावाकडच्या बातम्या कळत असत. मुंबईच्या गोवेकरांनी धोबी तलावाच्या आसपास गावोगावचे कुड काढले होते, गावाहून आलेल्याला पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून. तिकडचे फुटबॉल क्लब थोडेफार त्याच जातीचे.

मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर या गिरणगावात पोर्तुगीज लोकांचा पोंता देल्गादा नावाचा असाच एक संघ होता. त्या संघातले दोन खेळाडू पुढे ज्योबरोबर विश्वचषकात खेळले. एक जॉन सुझा, दुसरा एड सुझा. दोघांचं एकमेकांशी नातं नव्हतं. आमच्या वसईत दोन डिसोझा शेजारी उभे केले तर तेही बहुधा हेच सांगतील!

ब्रुकहॅटनसाठी ज्यो तीन हंगाम खेळला. मैदानावर तो कसा दिसे, याची वर्णनं मजेदार आहेत. मोजे घोट्यापर्यंत उतरलेले, चालण्यात एक निवांतपणा, सामन्याला आलाय की समुद्रावर फिरायला आलाय असा प्रश्न पडावा. प्रतिस्पर्ध्याचा बचाव त्यामुळे हमखास फसे. हवेत आलेला चेंडू मात्र हा माणूस भलत्याच कोनातून डोक्यानं गोलात घालत असे. जिथे दुसरा कोणी पोचायचा विचारही करणार नाही, तिथे हा झेपावलेला असे. १९४९-५० च्या हंगामात त्यानं पंधरा सामन्यांत अठरा गोल केले आणि अमेरिकन सॉकर लीगमध्ये तो सगळ्यांच्या वर राहिला. हिशेबाच्या परीक्षेत त्याला किती गुण पडले हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.

याच वेळी ब्राझीलला जाणारा अमेरिकेचा संघ निवडला जात होता. इथे मला माझ्या जुन्या धंद्यातली एक गोष्ट आठवते. बँकेत एखादं प्रकरण मंजूर झालेलं नसतं, फक्त अर्ज आलेला असतो. पण साहेबांना घाई असली की त्या अर्जावरच काम पुढे ढकललं जातं. ज्योचं तसंच झालं. तो अमेरिकेचा नागरिक नव्हता. पण नागरिक व्हायचा इरादा जाहीर केलेल्या माणसाला संघात घ्यायला तिथल्या फुटबॉल संघटनेच्या नियमांची आडकाठी नव्हती. या सवलतीत तिघे बसले. हैतीचा ज्यो गेटजेन्स, बेल्जियमचा ज्यो माका आणि स्कॉटलंडचा एड मॅकिल्व्हेनी. त्या ऐतिहासिक सामन्यात कर्णधार होता तो हा मॅकिल्व्हेनी. पुढे यावरून तक्रार झाली, फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं चौकशी केली आणि १९५० च्या डिसेंबरात अमेरिकेला निर्दोष ठरवलं. म्हणजे कागद शाबूत होते.

याच विश्वचषकात भारतानंही खेळायचं होतं, ही गोष्ट आज पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या गटातले ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स बाहेर पडल्यामुळे आपल्याला आयतंच निमंत्रण मिळालं होतं. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्याबरोबर आपलं नाव लागलं होतं. आपण गेलो नाही. अनवाणी खेळू देत नाहीत म्हणून गेलो नाही, ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो आणि बरीच वर्षं खरीही मानली. लांबचा प्रवास, सरावाला नसलेला वेळ आणि ऑलिंपिकपुढे विश्वचषकाला फारसं महत्त्व न देणारे आपले पदाधिकारी, ही कारणं त्यापेक्षा जास्त पटण्यासारखी आहेत. सहाच वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि भारत उपांत्य फेरीत गेला. खेळता येत नव्हतं असं नाही. दारात आलेली गाडी आपण सोडली, एवढंच.

अमेरिकेनं मात्र ती गाडी पकडली, जसा जमला तसा संघ घेऊन. गोली फ्रँक बोर्गी सेंट लुइसमध्ये अंत्ययात्रेची गाडी चालवायचा. हॅरी कीओ टपाल वाटायचा. वॉल्टर बार फिलाडेल्फियात शाळामास्तर. एकत्र सराव नावापुरताच. पहिल्या सामन्यात स्पेननं त्यांना ३-१ असं हरवलं. समोर इंग्लंडकडे बिली राइट, टॉम फिनी, स्टॅन मॉर्टेनसेन, विल्फ मॅनियन, आल्फ रॅम्झी अशी एकापेक्षा एक नावं. स्टॅन्ली मॅथ्यूजला तर त्यांनी विश्रांतीच दिली होती. अमेरिकेसाठी मॅथ्यूज कशाला, असा हिशेब.

सामन्यात पहिल्यापासून इंग्लंडचे हल्ले चालू होते. चेंडू खांबांवर आदळत होते, बोर्गी अंगावर घेत होता. मध्यंतराला सात-आठ मिनिटं उरली असताना वॉल्टर बारनं साधारण पंचवीस यार्डांवरून गोलाच्या दिशेनं फटका मारला. इंग्लंडचा गोली बर्ट विल्यम्स उजवीकडे सरकला. चेंडू त्याच्या हातात जाणार हे उघड होतं. तेवढ्यात गर्दीतून ज्यो झेपावला, चेंडूला त्याचं डोकं लागलं आणि विल्यम्स एकीकडे, चेंडू दुसरीकडे.

हा गोल ठरवून केला की चेंडू नुसताच डोक्याला लागला, याचा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. इंग्रजांना तो अपघात वाटला, आणि ते समजण्यासारखं आहे. घरी जाऊन दुसरं काय सांगणार? ज्योचे सोबती मात्र सांगत राहिले, की असे अचाट गोल तो नेहमीच करायचा. आमच्या त्या आखातवाल्या मुलाला, म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाला, मी हे वर्णन सांगितलं तेव्हा त्यानं चिखलातच थबकून मान किंचित वळवून दाखवली. चेंडू अपघातानं लागायचा तर तो नाकावर लागतो, असं त्याचं मत पडलं. मला हा पुरावा पुरेसा वाटतो.

दुसऱ्या अर्ध्यात इंग्लंडनं जिवाचं रान केलं, पण बरोबरी झाली नाही. शिट्टी वाजली तेव्हा ब्राझीलचे प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्यांनी ज्योला खांद्यावर उचललं. ते छायाचित्र पुष्कळ ठिकाणी छापलं गेलं आहे. सव्वीस वर्षांचा सडपातळ तरुण, परक्या देशाचा सदरा, तिसऱ्याच देशाच्या लोकांच्या खांद्यावर, आणि तोंडभर हसू.

लंडनच्या वर्तमानपत्रांना तारेतली चूक वाटून त्यांनी इंग्लंड १०-१ नं जिंकल्याचं छापलं, असं सांगतात. गोष्ट चुरचुरीत आहे, पण ती दंतकथाच समजावी. अमेरिकेतली परिस्थिती याहून मौजेची होती. तिथून ब्राझीलला अवघा एक बातमीदार गेला होता, सेंट लुइसच्या एका दैनिकाचा डेंट मॅकस्किमिंग, तोही स्वतःच्या खर्चानं. इंग्लंडला हरवून आलेल्या वीरांच्या स्वागताला विमानतळावर मिरवणूक वगैरे काही नव्हती. बोर्गी आपल्या गाडीकडे गेला, कीओ टपालाच्या पिशवीकडे. त्यानंतर अमेरिका पुन्हा विश्वचषकात दिसली ती थेट १९९० साली.

ज्यो न्यूयॉर्कला फार टिकला नाही. शिक्षण मागे पडलं आणि तो फ्रान्सला गेला. आधी पॅरिसच्या रेसिंग क्लबकडे, मग दक्षिणेतल्या आलेस गावच्या संघाकडे. जमलं नाही. असं का होतं, हे सांगणं कठीण आहे. एखाद्या माणसाची सगळी कमाई एका डावात होऊन जाते आणि पुढे तो नुसता खेळत राहतो. मग तो मायदेशी परतला. डिसेंबर १९५३ मध्ये मेक्सिकोविरुद्धच्या पात्रता सामन्यात तो हैतीकडून खेळला. हैती हरली, पण लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. बेलो होरिझोंतेचा वीर आपला आहे, हे अखेर कुणीतरी मोठ्यानं सांगितलं. साबण आणि दंतमंजनाच्या एका परदेशी कंपनीनं त्याचं नाव जाहिरातीसाठी वापरलं. त्यानं लग्न केलं, तीन मुलगे झाले, कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचा धंदा काढला. भांड्यांपासून सुरू झालेला हात कपड्यांवर आला, पण आता दुकान स्वतःचं होतं. इथेच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

१९५७ साली हैतीत फ्रान्स्वा डुव्हालिए निवडून आला. पेशानं डॉक्टर. लोक प्रेमानं पापा डॉक म्हणत. त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या लुई देजुआशी गेटजेन्स घराण्याचं नातं होतं आणि घरातली काही मंडळी त्याच्या बाजूनं राबलीही होती. ज्योला राजकारणात रस नव्हता. पण हुकूमशहाच्या वहीत माणसाचं नाव एकट्याचं नसतं, घराण्याचं असतं. डुव्हालिएनं आपलं खाजगी सशस्त्र दल उभारलं. लोक त्याला तोंतों माकूत म्हणू लागले. हैतीतल्या आया हट्टी पोरांना ज्या झोळीवाल्या बुवाची भीती घालतात, त्याचं हे नाव. आपला बागुलबुवा समजा. फक्त हा बागुलबुवा खरा होता, आणि तो मोठ्या माणसांना उचलून नेई.

ज्योचे दोन भाऊ शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकातून डुव्हालिएविरुद्ध कारवाया करणाऱ्या निर्वासितांमध्ये सामील झाले होते. जून १९६४ मध्ये डुव्हालिएनं स्वतःला तहहयात अध्यक्ष करून घेतलं. धोका ओळखून घरातली बरीच माणसं देशाबाहेर निघाली. ज्यो थांबला. आपण फुटबॉल खेळणारा माणूस, आपल्याला गावात सगळे ओळखतात, आपल्याला कोण हात लावील, असं त्याला वाटलं.

या थांबण्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. याला भाबडेपणा म्हणावं असं पहिल्यांदा वाटतं. पण दोन देशांत उपरा म्हणून राहून आलेल्या माणसाला आपल्या गल्लीत, आपल्या दुकानाच्या दारात जी निर्धास्ती वाटते, ती ज्यानं परदेशी मोरीवर हात भिजवले नाहीत त्याला कळणार नाही.

८ जुलै १९६४ च्या सकाळी सशस्त्र माणसं त्याच्या दुकानापाशी आली आणि त्याला घेऊन गेली. नेलं ते फोर्ट दिमांश या तुरुंगात, जिथून परत येणारे थोडे. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. तो चाळीस वर्षांचा होता.

आपल्याकडे सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही, तर कायदा तो मृत असल्याचं गृहीत धरतो. वादळात होडीसकट नाहीशा झालेल्या एका खातेदाराचं असं प्रकरण माझ्या टेबलावर होतं. त्याची बायको दर वर्षी येऊन खात्यात दहा रुपये भरून जायची, खातं बंद पडू नये म्हणून. ज्योच्या बायकोनं आणि मुलांनी काय काय केलं असेल, याची कल्पना मला त्या पासबुकावरून येते. पापा डॉक १९७१ साली मेला, मुलाला गादी देऊन. त्या मुलालाही लोकांनी १९८६ साली हाकललं. ज्योचं शव कधीच सापडलं नाही.

२००५ साली अमेरिकेत त्या सामन्यावर चित्रपट निघाला. त्यात ज्योला मंत्रतंत्र करणारा दाखवला आहे. हैतीचा माणूस म्हटला की चित्रपटवाल्यांना एवढंच सुचतं. प्रत्यक्षात घराणं कॅथॉलिक होतं, आणि घरच्यांना ते चित्रण मुळीच आवडलं नाही. त्याआधी १९७६ साली अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेच्या मानकऱ्यांत त्याचं नाव घातलं गेलं होतं. तेव्हा त्याला नाहीसं होऊन बारा वर्षं झाली होती. ज्या इराद्याच्या आधारावर त्याला संघात घेतलं, तो इरादा त्यानं कधी तडीला नेला नाही. अमेरिकेचं नागरिकत्व त्यानं घेतलंच नाही.